कणसंख्या आणि मोल यांतील रूपांतर : रक्ततपासणी अहवालाच्या आधारे एक विवेचन

गोषवारा :
रसायनशास्त्राच्या अध्यापनात मोल ही संकल्पना सूत्राच्या रूपाने लवकर शिकवली जाते. तिचा अर्थ मात्र विद्यार्थ्यांच्या मनात फार उशिरा रुजतो. प्रस्तुत लेखात वैद्यकीय रक्ततपासणीच्या अहवालातील आकडे आधारभूत धरून वस्तुमान, कणसंख्या व मोल यांच्यातील परस्पर रूपांतराचे विवेचन केले आहे. हे रूपांतर चुकल्यास प्रत्यक्ष व्यवहारात काय बिघडू शकते, याचाही विचार केला आहे.

प्रस्तावना :
नागपूर शहरातील रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली हा परिसर रुग्णालये, दवाखाने व रक्ततपासणी केंद्रे यांनी गजबजलेला आहे. विदर्भातून, तसेच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधून येणारे रुग्ण हातात तपासणीचा अहवाल घेऊन येथे वावरताना दिसतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा कागद अतिशय बोलका आहे. त्यावर हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये दिलेले असते, साखर मिलिग्रॅममध्ये असते, रक्तपट्टिका, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील प्लेटलेट, चक्क मोजून लाखांत दिलेल्या असतात, आणि सोडिअम-पोटॅशिअम मिलिमोल किंवा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असतात. म्हणजेच वजन, गणती आणि मोल या मापनाच्या तिन्ही पद्धती एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतात. पदवी स्तरावरील विद्यार्थ्याला मोलची व्याख्या तोंडपाठ असते. परंतु या पानावरील एका ओळीचे दुसऱ्या ओळीच्या भाषेत रूपांतर करण्यास सांगितले की तो अडखळतो. ही अडचण केवळ गणिताची आहे, असे मानणे योग्य ठरणार नाही.

वजनावरून गणती :
अतिसूक्ष्म वस्तू मोजण्याऐवजी त्यांचे वजन करावे, ही युक्ती रसायनशास्त्राने शोधलेली नाही. शेतीमध्ये ती पूर्वापार वापरात आहे. बियाण्याची प्रतवारी करताना शंभर किंवा हजार दाण्यांचे वजन काढले जाते. तुरीच्या शंभर दाण्यांचे वजन १० ग्रॅम भरले, तर एका किलोग्रॅममध्ये १०,००० दाणे आहेत हे न मोजता सांगता येते, आणि एकरी किती झाडे हवीत त्यावरून किती बियाणे लागेल याचा हिशेब करता येतो. हरभऱ्याच्या शंभर दाण्यांचे वजन वेगळे, ज्वारीचे वेगळे; पण ‘शंभर’ ही संख्या सर्वांना सारखीच. मोलची कल्पना याहून निराळी नाही. येथे शंभराच्या जागी ६.०२२ × १०²³ ही संख्या येते आणि शंभर दाण्यांच्या वजनाच्या जागी मोलर वस्तुमान येते, एवढाच फरक.

यावरून दोन पूल तयार होतात. ग्रॅममधील वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागले की मोल मिळतात. मोलला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणले की कणसंख्या मिळते. उलट दिशेने जाताना गुणाकाराचा भागाकार आणि भागाकाराचा गुणाकार होतो. वस्तुमानावरून कणसंख्येकडे जाण्याचा सरळ रस्ता नाही; वाटेत मोल लागतोच. डझनांची संख्या नगांच्या संख्येपेक्षा नेहमी लहान असते, तशी मोलची संख्या कणांच्या संख्येपेक्षा नेहमीच प्रचंड लहान असते. एवढे भान असले तरी गुणावे की भागावे हा प्रश्न सहसा उरत नाही.

शब्दाविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. मराठीतील ‘मोल’ म्हणजे किंमत. तो संस्कृत ‘मूल्य’ या शब्दावरून आला. रसायनशास्त्रातील ‘मोल’ हा जर्मन भाषेतील रेणूवाचक शब्दाचा संक्षेप असून त्याचे मूळ लॅटिनमध्ये, वस्तुमान किंवा राशी या अर्थाच्या शब्दात आहे. विल्हेल्म ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो रूढ केला. दोन्ही शब्द देवनागरीत अक्षरशः सारखे दिसत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटतो. ही ओळख फसवी आहे, हे पहिल्याच तासाला सांगून टाकलेले बरे.

संख्या आणि तिची व्याख्या :
ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये समान तापमान व दाब असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, असे गृहीतक मांडले. ती संख्या किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी रेणूच्या आकाराचा अंदाज बांधला. त्यातून संख्येचा पहिला ढोबळ अदमास घेता आला. ‘ॲव्होगॅड्रो अंक’ हे नाव ज्याँ पेराँ यांनी १९०९ मध्ये दिले. १९७१ मध्ये मोलला आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत मूलभूत एककाचे स्थान मिळाले, तेव्हा त्याची व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅम वस्तुमानाशी जोडलेली होती. २० मे २०१९ पासून ही जोडणी सुटली. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण. ही संख्या व्याख्येनेच निश्चित झाल्यामुळे तिच्यात प्रायोगिक त्रुटी उरलेली नाही. उलट कार्बन-१२ चे मोलर वस्तुमान ‘१२ ग्रॅम’ हेच आता मोजून ठरवायचे मूल्य झाले आहे. प्रत्यक्षात हा फरक अब्जांशाहूनही लहान असल्याने कोणत्याही गणिताचे उत्तर बदलत नाही. मात्र व्याख्या विचारली असता १२ ग्रॅम कार्बनचा उल्लेख करणारे उत्तर आता जुने झाले आहे, ही गोष्ट प्राश्निक व परीक्षक या दोघांनीही ध्यानात घ्यावयास हवी.

एवढ्या मोठ्या संख्येची भारतीय परंपरेतील मोजपट्टी कोणती, असाही विचार करता येतो. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’मध्ये एकं, दहं, शतं अशा चढत्या क्रमाने आलेली अठरा स्थाने ‘परार्ध’ येथे संपतात. परार्ध म्हणजे १०¹⁷. या मापाने एका मोलमध्ये सुमारे ६० लाख २२ हजार परार्ध कण असतात.

साखर, कोलेस्टेरॉल आणि पेशींची गणती :
उपाशीपोटी रक्तातील साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असल्याची नोंद घेऊ. एका लिटरमध्ये ही साखर ०.९० ग्रॅम होते. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८०.१६ ग्रॅम असल्याने ०.९० ला १८०.१६ ने भागल्यास ०.००५० मोल, म्हणजे ५.० मिलिमोल प्रति लिटर मिळतात. भारतात आणि अमेरिकेत पहिली पद्धत चालते, तर ब्रिटनमध्ये दुसरी. त्यामुळे मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागणे हा तेथील आणि येथील अहवालांमधला दुवा ठरतो. मधुमेहाच्या निदानासाठी मानली जाणारी उपाशीपोटीची १२६ ही मर्यादा तेथे ७.० म्हणून ओळखली जाते. लंडनला असलेल्या मुलाने पाठवलेले साखर मोजण्याचे यंत्र नागपुरातील वडिलांना ‘१०’ असा आकडा दाखवू लागले, तर तो १८० मिलिग्रॅमइतका आहे हे घरात कोणालातरी कळावे लागते. मिलिग्रॅमच्या सवयीने वाचल्यास तोच आकडा साखर जीवघेणी खाली गेल्याचा अर्थ देईल, आणि घाबरून त्यांना गोड पाणी पाजले जाईल.

आता कणांकडे वळू. ५.० मिलिमोल गुणिले ६.०२२ × १०²³ म्हणजे लिटरमागे ३.० × १०²¹ रेणू. रक्तद्रव्याचा ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब घेतला, तर त्यात १.५ × १०¹⁷ रेणू येतात. ‘लीलावती’तील शेवटचे स्थान एका थेंबातील साखरेलाही पुरत नाही, तेथे दीड परार्ध रेणू आहेत.

याच अहवालात कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर वाचणाऱ्याला ते साखरेच्या दुपटीहून अधिक वाटते. कोलेस्टेरॉलचे मोलर वस्तुमान ३८६.६५ असल्याने लिटरमागे २.०० ग्रॅम म्हणजे ५.१७ मिलिमोल. रेणूंची संख्या दोन्हींची जवळजवळ सारखीच आहे. जड आहे तो कोलेस्टेरॉलचा रेणू. वजनाचा आकडा ही गोष्ट झाकून ठेवतो आणि मोलचा आकडा ती उघड करतो.

रक्तपट्टिकांच्या बाबतीत प्रवास उलट दिशेने होतो. त्या घनमिलिमीटरला २.५ लाख असतील, तर लिटरमागे २.५ × १०¹¹. या संख्येला ॲव्होगॅड्रो अंकाने भागल्यास सुमारे ४.२ × १०⁻¹³ मोल मिळतात. उत्तर बरोबर आहे, पण निरुपयोगी आहे. पेशी मोलमध्ये का सांगत नाहीत, याचे कारण विद्यार्थ्याने हे गणित स्वतः केल्याशिवाय त्याला पटत नाही. तांबड्या पेशींचा हिशेब तर अधिक उद्बोधक आहे. घनमिलिमीटरला ५० लाख या दराने पाच लिटर रक्तात २.५ × १०¹³, म्हणजे २५ लाख कोटी पेशी असतात. जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोहोचली. प्रत्येकास एवढ्या पेशी आहेत असे मानले, तरी अखिल मानवजातीच्या सर्व तांबड्या पेशी मिळून २ × १०²³ होतात. बालकांचा विचार करता खरा आकडा यापेक्षा कमीच भरेल. म्हणजे एक मोल पुरा होत नाही. होतो तो जेमतेम एक तृतीयांश. पाण्याचे एक तृतीयांश मोल म्हणजे केवळ ६ ग्रॅम. चहाच्या चमच्याएवढ्या पाण्यातील रेणू हे पृथ्वीवरील सर्व माणसांच्या तांबड्या पेशींइतके आहेत. मोल हे एकक रेणूंच्या जगासाठीच का आहे, हे सांगण्यास याहून वेगळ्या उदाहरणाची गरज पडू नये.

हिमोग्लोबिन : कण कोणता?
अहवालात एका तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनचे सरासरी वस्तुमान पिकोग्रॅममध्ये दिलेले असते. ते २९ पिकोग्रॅम असल्यास आणि हिमोग्लोबिनचे मोलर वस्तुमान सुमारे ६४,५०० ग्रॅम धरल्यास, एका पेशीत ४.५ × १०⁻¹⁶ मोल, म्हणजेच सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहू शकतो. एकटी पेशी शंभर कोटींहून अधिक ऑक्सिजन रेणूंची ने-आण करते, हे अहवालातील एका क्षुल्लक वाटणाऱ्या ओळीवरून निघते.

विदर्भात या गणिताला एक वेगळा संदर्भ आहे. सिकलसेल आजाराचे प्रमाण येथे लक्षणीय आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे दाखवून दिले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते, एवढाच तो बदल. प्रत्येक रेणूत अशा दोन साखळ्या असल्याने, ज्याला हे जनुक आईवडील दोघांकडून मिळाले आहे त्याच्या एकेका पेशीत जवळपास ५० कोटी साखळ्या बदललेल्या असतात. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार करतात. ही क्रिया किती लवकर सुरू होईल, हे पेशीतील रेणूंच्या संहतीवर विलक्षण तीव्रतेने अवलंबून असते. पेशीच्या अंतर्भागात हिमोग्लोबिन डेसिलिटरला सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३४० ग्रॅम असते. मोलमध्ये हे मूल्य ५.३ मिलिमोल होते. रक्तद्रव्यातील साखरेचा आकडा ५.० होता. लिटरमागे एकीचे वजन एक ग्रॅमही भरत नाही, दुसऱ्याचे ३४० ग्रॅम. पण रेणूंची दाटी मात्र सारखीच. शरीरातील पाणी कमी झाले की पेशी आक्रसते व ही दाटी वाढते. सिकलसेलच्या रुग्णाने उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावे, या वैद्यकीय सल्ल्यामागे संहतीचे हेच गणित आहे.

येथेच सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न उपस्थित होतो. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असल्यास मिलिमोलमध्ये किती? चार साखळ्यांचा संपूर्ण रेणू हा कण मानल्यास उत्तर २.३ येते. एक साखळी व तिच्यातील एक लोह अणू हा कण मानल्यास उत्तर ९.३ येते. युरोपातील काही देशांत हिमोग्लोबिन मिलिमोलमध्ये सांगतात तेव्हा दुसरी पद्धत अभिप्रेत असते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. चूक आहे तो प्रश्न, कारण त्यात कण कोणता हे सांगितलेले नाही. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ या शब्दप्रयोगातही हाच दोष आहे. अणूंचा मोल १६ ग्रॅमचा आणि रेणूंचा ३२ ग्रॅमचा असतो. प्रश्नपत्रिकेत हा खुलासा नसेल, तर विद्यार्थ्याचे गुण कापण्यापूर्वी परीक्षकाने थांबावयास हवे.

आयनांच्या बाबतीत प्रभाराची आणखी एक पायरी वाढते. रक्तातील कॅल्शिअम १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर ते लिटरला २.५ मिलिमोल आणि प्रत्येक आयनावर दोन प्रभार असल्याने ५ मिलिइक्विव्हॅलंट होते. एकच नमुना आणि तीन आकडे : १०, २.५ व ५. सोडिअम आणि पोटॅशिअम एकप्रभारी असल्याने तेथे मिलिमोल व मिलिइक्विव्हॅलंट एकच भरतात, आणि त्यामुळेच हा भेद विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटतो. पोटॅशिअम क्लोराईडच्या १५ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटर कुपीत १.५ ग्रॅम क्षार असतो, ७४.५५ ने भागल्यास तो २० मिलिमोल होतो. रक्तातील पोटॅशिअम लिटरला ३.५ ते ५.० मिलिमोल या अरुंद पट्ट्यातच असावे लागते. ही कुपी सौम्य न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. फार्मसी व परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांना मोल शिकवताना हे उदाहरण टाळू नये.

जलसंजीवनीचे सूत्र :
वस्तुमानाच्या भाषेत अनाकलनीय असलेली गोष्ट मोलच्या भाषेत कशी उलगडते, याचा सर्वांत सुंदर दाखला जलसंजीवनीच्या पाकिटावर छापलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी सोडिअम क्लोराईड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम लागते. या आकड्यांत कोणताही मेळ दिसत नाही. मीठ अडीच ग्रॅमच्या आसपास आणि साखर त्याच्या पाचपट, असे का?

मोलर वस्तुमानांनी भागाकार केल्यावर चित्र पालटते. ग्लुकोज ७५ मिलिमोल होते. मिठातून सोडिअमचे ४४.५ मिलिमोल मिळतात, सायट्रेटच्या ९.९ मिलिमोलमधून, प्रत्येकी तीन सोडिअम आयन असल्याने, सुमारे ३० मिळतात. बेरीज जवळपास ७५. साखर व सोडिअम कणांच्या संख्येने समान आहेत. पाचपट वजन म्हणजे पाचपट कण नव्हेत. लहान आतड्याच्या अस्तरातील वाहक प्रथिन सोडिअम व ग्लुकोज यांना एकत्रच आत घेते आणि त्यांच्यापाठोपाठ पाणी शोषले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या या संकल्पनेवर पुढे सारा उपचार उभा राहिला. आतड्याला ग्रॅम कळत नाहीत. त्याच्या दाराशी कण येतात. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण मोठ्या प्रमाणावर पाजून असंख्य जीव वाचवले, हा इतिहास सर्वज्ञात आहे.

सर्व कणांची बेरीज, म्हणजे सोडिअम ७५, क्लोराईड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशिअम २० आणि सायट्रेट १०, ही २४५ येते. पाकिटावरील ‘२४५’ हा आकडा तोच. जुन्या सूत्रात ही बेरीज ३११ होती. ती कमी केल्यावर मुलांतील जुलाबाचे प्रमाण व शिरेवाटे द्रव देण्याची गरज घटल्याचे आढळले. निर्जल ग्लुकोजऐवजी स्फटिकजलयुक्त ग्लुकोज वापरायचे झाल्यास कणांची संख्या तीच ठेवण्यासाठी १३.५ ऐवजी सुमारे १४.९ ग्रॅम घ्यावे लागेल, कारण त्याचे मोलर वस्तुमान १९८ आहे. स्फटिकजलाचा हा हिशेब प्रयोगशाळेत द्रावण तयार करताना विद्यार्थी हमखास विसरतात.

पाण्यातील नायट्रेटची गोष्ट याच जातीची आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अमेरिकेत मर्यादा १० आहे. यावरून भारतीय मानक साडेचारपट ढिले आहे, असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतील आकडा नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनचा आहे. ४५ ला ६२ ने भागून ०.७३ मिलिमोल, आणि त्याला १४ ने गुणून १०.२ मिलिग्रॅम नायट्रोजन. दोन्ही मर्यादा व्यवहारतः एकच आहेत.

अध्यापनातील काही बाबी :
उच्च माध्यमिक परीक्षेत लॉगॅरिथमची कोष्टके वापरून आलेला विद्यार्थी घातांकाला सरावलेला असतो, त्याला ६.०२२ चा लॉग ०.७७९७ आणि पूर्णांश २३ हे वेगळे करून लिहावेच लागते. गणकयंत्र हाती आल्यावर निराळीच चूक सुरू होते. ३.०११ × १०²³ कणांचे मोल काढताना विद्यार्थी भागाकाराचे चिन्ह दाबून पुढे ६.०२२ × १०²³ हे जसेच्या तसे टंकतो. यंत्र प्रथम ६.०२२ ने भागते आणि मग १०²³ ने गुणते. उत्तर ०.५ ऐवजी ५ × १०⁴⁵ येते, आणि ते निःशंकपणे उत्तरपत्रिकेत उतरवले जाते. कंस घालणे किंवा घातांकाची स्वतंत्र कळ वापरणे हा यावरील यांत्रिक उपाय झाला. त्यापेक्षा उत्तर काढण्यापूर्वी त्याचा अदमास लिहून घेण्याची सवय अधिक उपयोगाची आहे : कण एका मोलपेक्षा कमी आहेत की अधिक, एवढे एका वाक्यात लिहावे व मगच यंत्राला हात लावावा. ५ × १०⁴⁵ मोल पाण्याचे वस्तुमान सुमारे ९ × १०⁴³ किलोग्रॅम होईल. सूर्याचे वस्तुमान २ × १०³⁰ किलोग्रॅम आहे. अशी तुलना एकदा वर्गात फळ्यावर करून दाखवली, तर तो विद्यार्थी पुढच्या वेळी कंस विसरत नाही.